सर, तो कावळा मी बोलावला

रुमाल काढून बसला असाल तर परत खिशात घाला. श्रद्धांजली म्हणलं की वाचणारा आधीच तोंड पाडून बसतो, अन लिहिणाराबी सुरू करतो, हळहळ, पोकळी, काळाचा घाला. तसलं मला जमत न्हाई. पोकळी तर अजिबात झाली न्हाई. पालमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे आमचे गव्हाणे सर गेले, अन स्टाफरूममधल्या त्यायच्या खुर्चीवर भूगोलाचे सर दुसऱ्याच दिवशी बसले, कारण त्यायच्या स्वतःच्या खुर्चीचा पाय मोडका होता. सर कुठं जन्मले, किती शिकले, कोणते पुरस्कार भेटले, हेबी माझ्याकडं सापडणार न्हाई. पुरस्कार एकबी भेटला न्हाई, एवढं सांगून टाकतो. ज्याला नीट रडायचंय त्यानं पान उलटावं, पुढं बाकीच्यायचे लेख असतीलच. मला सरांशीच बोलायचंय. आमचं एक भांडण अर्धं राहिलंय.

तर सर.

तुमच्या दहाव्याला मी एक काम केलं. तुमच्या मंडळीचा, आमच्या काकूचा जीव हलका व्हावा म्हून केलं. आता काकूच्या दारात पाय ठेवायची माझी हिंमत न्हाई. ते काम बरोबर होतं का चूक, हे सांगणारा माणूस मला एकच माहीत होता, अन दहावा नेमका त्याचाच होता. म्हून पहिल्यापासून सांगतो. तुमी मधी बोलणार न्हाईत, हे पहिल्यांदाच होणार हाय.

आपली गाठ कशी पडली, आठवतंय का? तुमी वर्गात यायला उशीर केलता. मी टेबलामागं उभा राहून तुमचा तास चालू केला. चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा, परत घालायचा, अन म्हणायचं, "म्हंजी कसंय..." अन प्रश्न विचारून उत्तर आपणच द्यायचं, "हाय का न्हाई? हाय." पोरं बाकावर पडायलीत हसून. तेवढ्यात एकदम सगळे गप. मी वळून बघितलं तर तुमी दारात. किती येळपासून होतात कुणास ठाऊक.

मला वाटलं आता प्रिन्सिपलकडं नेणार. तुमी सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. वही काढलीत. म्हणलात, "थांबलात कामून सर? आज उपयुक्ततावाद हाय. घ्या."

पुस्तक उघडून मी तुमच्याच आवाजात वाचायला लागलो. "म्हंजी कसंय, ज्या कामानं जास्तीत जास्त लोकायला जास्तीत जास्त सुख भेटतं ते काम चांगलं. कुणी केलं, कोणत्या मनानं केलं, ते नंतर. आधी फळ बघायचं. हाय का न्हाई? हाय." जरा रंगात आलो तर मागून तुमचा हात वर.

"सर, शंका हाय."

"विचारा."

"मघाशी एक पोरगं एका म्हाताऱ्या मास्तराची नक्कल करत होतं. अख्खा वर्ग हसला. मास्तराला मात्र वाईट वाटलं असंल. मग ते काम चांगलं का वाईट?"

मी चष्मा नसताना चष्मा पुसला. म्हणलं, "त्या मास्तराला ऐकू कमी येतंय."

वर्गात सगळ्यात जास्त तुमी हसलात. डोळे पुसत म्हणलात, "मग त्या मास्तराचंबी सुखात धरा, सर." नंतरच्या वर्षात मला कुणी विचारलं की कैलास, तू मेंढरं राखणाऱ्याचं पोरगं, हे उपयुक्ततावाद-बिवाद कुठं शिकलास, तर मी खरं तेच सांगत होतो. मीच शिकवलं, मीच शिकलो.

आमच्या घरची मेंढरं तुमाला माहीतच हायत. रानात पोराला करमणूक काय, तर आवाज. मेंढीचा काढायचा, टिटवीचा काढायचा, बापाच्या खोकल्याचा काढायचा. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं असलं की बाप मला हाक मारायचा. मी आईसारखा ओरडायचो, कोकरू पळत यायचं. तुमाला ही गोष्ट सांगितली तर तुमी लगेच चष्मा काढलात. "म्हंजी तू कोकराला फसवलंस."

"फसवलं. पर दूध भेटलं की त्याला."

"मग तू कृतीवाला," तुमी म्हणलात. "त्या त्या वेळी, त्या त्या कामाचं फळ बघणारा. मी नियमवाला. मी विचारतो, सगळ्यायनी कायम असंच केलं तर काय होईल? फसवणं चांगलं असा नियम लावला तर रानातलं एक तरी कोकरू हाकेला ओ देईल का?"

हे आपलं पहिलं भांडण. संपलं कुठं? गंगाखेडच्या एसटीत दुसरं चालू झालं.

मधल्या बाकावरच्या एका बाईनं वाटेत हात वर करून कंडक्टरला म्हणलं, "मास्तर, हितं थांबवा. लेकरू हाय हातात."

"मावशी, ते करडू हाय."

"मग करडू काय लेकरू नसतंय व्हय? शेळीला विचारून ये जा."

"हितं स्टॉप न्हाई."

"स्टॉप न्हाई पर आमचा आखाडा हाय की, रानातलं घर."

मी तुमच्याकडं बघून म्हणलं, थांबवायला काय जातंय? गाडीतल्यायचा घडीभर मोडतो, तिची उन्हातली पायपीट वाचती. करडाचं सुख वेगळंच. तुमी म्हणलात, "थांबव तर खरं. मग बघ." ड्रायव्हर चांगला माणूस. थांबला. बाई उतरली, सगळ्या गाडीला आशीर्वाद देऊन गेली. मी तुमच्याकडं असं बघितलं की कोर्टात जिंकलो. गाडी हलली न्हाई तोच एक जण म्हणला, मास्तर, विहिरीपाशी घ्या जरा. दुसरा म्हणला, मग आमच्या म्हसोबानं काय पाप केलंय? एकानं तर गाडी थांबवून आखाड्यावर निरोप दिला, अन परत येऊन बसला. आपण गंगाखेडला पोचलो तवा आपली परभणीची रेल्वे पिंगळीच्याबी पुढं गेली असंल.

मोकळ्या फलाटावर बसून तुमी भजे खात होतात. रागावला न्हाईत. एवढंच म्हणलात, "कृती."

मी म्हणलं, "करडू तर सुखात हाय."

"करडाचंबी धरायचं, ते बरोबर हाय. दुखतंय का, एवढंच विचारायचं. बोलता येतं का, हे विचारायचं न्हाई. तेवढ्यापुरता तू जिंकलास." अन भज्याचा कागद माझ्याकडं सरकवलात.

पिंगळीच्या त्या लग्नातली पंगत तर मी कधी इसरणार न्हाई. वऱ्हाड ठरल्यापेक्षा लय आलतं, अन आचारी वरणात पाणी वाढवत चाललता. आपल्यापर्यंत वरण आलं तवा त्यात डाळ शोधायला चष्मा लागत होता. तुमी भाताला आळं केलं, वरण आळ्यातून निघून पत्रावळीखाली गेलं. मी म्हणलं, सर, हे काय? तुमी लय गंभीर तोंड करून म्हणलात, "आचारी एकूणवादी हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी कसंय, एक म्हणतो सगळ्यायचं सुख मिळून बेरीज मोठी झाली पायजे. माणसं वाढवा, पाणी घाला, प्रत्येकाला थोडं थोडं भेटलं तरी बेरीज वाढतीच. दुसरा सरासरीवाला. तो म्हणतो, माणशी किती पडलं ते सांग. थोड्या लोकायला बोलवा, पर डाळ दिसू द्या."

तेवढ्यात वाढपी आला. "सर, वरण?"

"नको," तुमी म्हणलात, "दुसऱ्या कुणाचं सुख कमी व्हायचं."

तो गेल्यावर म्हणलात, आता दोघायतला चुकतो कुठं ते सांग. मी म्हणलं, सरासरीवाल्याच्या पंगतीत मला तर बोलावणंच आलं नसतं. तुमी माझ्याकडं बघितलंत, जरा जास्त येळ. अन वाढप्याला परत हाक मारून वरण घेतलंत. अख्खं पाणी प्यालात. त्या दिवसापासून तुमी वर्गात सरासरीवाल्यायची बाजू कधी घेतली न्हाईत. हे मी बघितलं होतं, बोललो न्हाई. आता बोलायलोय.

मग दवाखाना आला. नांदेडला तुमचं ऑपरेशन झालं, पोटावर टाके. मी भेटायला आलो की तुमी म्हणायचात, "कोण कोण आलंय आज?" मग मी एकेकाला आणायचो. त्या एसटीतला कंडक्टर यायचा. प्रिन्सिपल यायचे, "त्या दृष्टीनं बघितलं तर" म्हणत. तुमचे थोरले भाऊ आबा यायचे, नाकातून बोलत. तुमी हसायचात अन हसता हसता पोट धरायचात, कारण टाके ओढायचे. मी गप झालो की डोळ्यानं खुणवायचात, चालू दे.

"सर, दुखायलंय की तुमाला."

"दुखतंयबी अन हसूबी येतंय. एकाच माणसात दोन्ही. असं पुस्तकात कुठंच दिलेलं न्हाई." श्वास घेऊन म्हणायचात, "तू हसव. जमाखर्च मी बघतो."

सिस्टर येऊन दरडावायची. "काका, हसायचं न्हाई म्हणून सांगितलंय ना? अन तुमी हो, बाहेर बसा." मी बाहेर गेलो की आतून तुमचा आवाज यायचा, "सिस्टर, तो प्रिन्सिपल होता, मी न्हवतो हसलो."

पुढं पुढं तुमाला हसणं जमना गेलं. एक दिवस मी आवाज काढलाच न्हाई. पाय दाबत बसलो. तुमी म्हणलात, "आज कुणीच आलं न्हाई का?"

"सगळे बाहेर थांबलेत."

"बरं केलंस." मग डोळे मिटूनच म्हणलात, "कैलास, मी पार्टी बदलली. सुख वाढवा म्हणणारे लय झाले. एक जण म्हणतो, सुखाचं सोडा, आधी दुःख कमी करा. वर्गात शिकवताना मला तो लय रडका वाटायचा. आता तोच बरा वाटायलाय. आता कुणी मला हसवू नये, पेढा देऊ नये. फक्त ही कळ थांबवावी."

मी दाबत राहिलो. तुमचे पाय एवढे बारीक झालेते की काय दाबायलोय ते कळत नव्हतं. काही तरी बोलावं म्हून म्हणलं, उपयुक्ततावाद्यायची एक जात राहिली, सर. सुख न्हाई, दुःख न्हाई, माणसाला काय पायजे तेच मोजणारी. तुमी डोळे उघडलेत. शिकवायचं असलं की तुमच्या डोळ्यात जीव यायचा.

"ती जात चांगली हाय. एखाद्याला कडू औषध पायजे, एखाद्याला उपास पायजे. सुखात मोजलं तर बसत न्हाई. त्याची इच्छा पुरी झाली का, एवढंच बघायचं."

"मग मेलेल्याची इच्छा?"

"मेलेल्याला मत न्हाई. यादीतून नाव कमी. त्याला काही कळतच न्हाई तर त्याचं काय मोजायचं?" अन मग तुमी हळूच म्हणलात, "दहावा-तेरावा मी मानत न्हाई हे तुला माहीत हाय. पर माझ्यामागं माझं काही धरू नका. जे हायत त्यायचं बघा."

मी म्हणलं, मला पटत न्हाई. आमच्या आज्यानं मरताना सांगितलं, माझी काठी मेंढरामागंच राहू द्या. अजून बाप तीच काठी नेतो. आज्याला कळत न्हाई. बापाला काही सुख न्हाई, काठी वाकडी हाय, हाताला टोचती. मेंढरायला तर काठीच नको हाय. कुणाचंच सुख वाढत न्हाई. तरी ती काठी फेकली तर चूक होईल का न्हाई?

तुमी उशाचा चष्मा चाचपलात, चादरीला पुसलात. म्हणलात, "याचं उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तुमाला काचेच्या पलीकडं नेलतं. मी काचेला नाक लावून उभा. तुमी सांगितलं न्हाईत.

दहावा झाला. तुमी मानत नव्हतात तरी झाला, कारण आबा मानतात, काकू मानतात, अन जे हायत त्यायचं बघा असं तुमीच म्हणलतात. चुडाव्याकडच्या तुमच्या गावी, नदीकाठच्या वाळूत. पालमची माणसं जीप करून आलती. गुरुजींनी पिंड ठेवला, सगळे मागं सरले, अन कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळा येईना.

पलीकडच्या बाभळीवर दोन-चार बसलेते. बघत होते. पर खाली उतरना. ऊन चढलं. म्हातारी माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर. कुणीतरी म्हणलं, जीव अडकलाय सरांचा. अन रीत अशी की गेलेल्याच्या मनात काय राहिलं ते ओळखून मोठ्यानं कबूल करायचं, म्हंजी कावळा शिवतो. म्हंजी बघा सर, अख्खा गाव इच्छावाला निघाला. मेलेल्याला मत हाय म्हणणारा मी एकटाच न्हवतो.

प्रिन्सिपल पुढं झाले. "सर, त्या दृष्टीनं बघितलं तर, तुमची पुस्तकं आम्ही लायब्ररीत वेगळ्या कपाटात ठेवू." कावळ्यानं मान फिरवली. कपाटाला कुलूप असणार हे त्याला कळलं असंल.

मग आबा. तुमच्या रानाचा बांध त्यांनी वर्षानुवर्षं नांगरून खाल्ला, तुमी कधी बोलला न्हाईत, काकू बोलायला गेल्या तर तुमीच गप केलंत. आबा हात जोडून नाकातून म्हणले, "बांधाचं मनात असंल तर थोडा मागं घेतो रे." कावळा हलला न्हाई. "बरं, आंब्यापर्यंत घेतो." न्हाई. आबायनी घाम पुसला. "बरं बाबा, विहिरीपर्यंत." बांध अन कावळा, दोघंबी तिथंच.

गुरुजी म्हणले, दर्भाचा करून घेऊ. गवताचा कावळा शिवला तरी चालतं, शास्त्रात हाय. आबा अडून बसले. "गवताचा नको. माझा भाऊ हाय तो. खरा पायजे."

तवा मी काकूकडं बघितलं. काकू एका बाजूला बसल्या होत्या, पिंडाकडं एकटक. न रडणं, न बोलणं. मला वाटलं, ही बाई आतून जळायली. हिला वाटत असंल, माझ्या माणसाच्या मनात असं काय राहिलं की जे मला माहीत न्हाई.

मी मनात सगळं मांडलं, तुमी शिकवलं तसं. एक कावळा. त्यानं काकूचा जीव भांड्यात पडतो, आबायचा पडतो, म्हाताऱ्यायचे पाय वाचतात, लेकरं जेवतात. दुःख कुणाला? कुणालाच न्हाई. तुमचा आवाज आलाच कानात, "अन प्रत्येक दहाव्याला एक कैलास झाडामागं उभा राहिला तर?" मी म्हणलं, सर, गवताचा कावळा शास्त्राला चालतो, तर तोंडाचा कामून चालू नये? तुमी गप. तुमी आता गपच असणार, हे मला तवा पहिल्यांदा नीट कळलं. पर पाय चालायला लागलेते.

कावळ्याला खायला सापडलं की तो एक वेगळी हाक देतो, त्यानं बाकीचे गोळा होतात. रानात भाकर खाताना ती हाक काढून मी लय कावळे जमवलेत. लघवीला जातो म्हून मी बाभळीमागं गेलो.

इकडं नेमके तुमच्या पालमच्या घराशेजारचे दत्तुमामा पुढं आले. ते रडायलेच होते. "सर, तुमची शिडी माझ्याकडं राहिली हो. उद्या आणून लावतो."

अन मी हाक दिली.

सगळे कावळे एकदम उतरले. पहिल्यानं चोच मारली तसा गलका झाला, शिवला, शिवला. दत्तुमामा तर वाळूत बसून हुंदके द्यायला लागले. लोकायनी कपाळाला हात लावले. एवढा शिकलेला माणूस, अन जीव शिडीत. आता अख्ख्या पालममधी तेच चाललंय, सर. तुमी जन्मभर पोरायला सुखाचं तत्त्वज्ञान शिकवलंत, अन गेलात शिडीसाठी झुरत. आबा हात झटकून म्हणले, "म्हंजी बांधाचं त्याच्या मनात नव्हतंच." अन जेवायला बसले.

मी झाडामागून आलो. काकू उठल्या होत्या. त्यायनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मला वाटलं, आभार मानायल्यात.

दुसऱ्या दिवशी दत्तुमामायनी शिडीला हळदकुंकू लावून पालमला तुमच्या घरी आणली. मागून मीबी गेलो. मामा शिडीच्या पाया पडून गेल्यावर काकू म्हणल्या, "कैलास, आत ये. दार लोटून घे. जेवलास का?"

"हो काकू."

"मग ऐक. मुडद्या, तुला वाटलं मला कळलं न्हाई? तुझ्या कावळ्याच्या ओरडण्याला शेवटाला मेंढरू लागतंय. असला कावळा साऱ्या जिल्ह्यात एकच हाय."

"काकू, तुमचा चेहरा बघवला न्हाई म्हून..."

"काय दिसलं चेहऱ्यात?"

"तकलीफ."

"तकलीफ हायच. ती काय तुझ्या कावळ्यानं उडून जाती व्हय? ते आबा आंब्यापर्यंत आलते, विहिरीपर्यंत आलते. जन्मात पहिल्यांदा तो माणूस मागं सरकायलाय, अन तू मधीच काव-काव केलंस. बांध गेला अन शिडी आली. काय करू शिडीचं? चढून बसू?"

मला हसू आलं. काकूलाबी आलं असतं, पर त्यायनी येऊ दिलं न्हाई. आवाज खाली आला त्यायचा.

"बांधाचं जाऊ दे. सगळे म्हणायले जीव अडकलाय, जीव अडकलाय, मी म्हणलं, अडकू द्या. दवाखान्यात मला कुणी त्यायच्याजवळ बसू दिलं? नळ्या, काचा, अन सारखं ‘मावशी, येळ झाली, निघा.’ त्या वाळूत मला वाटलं, हितंच हायत. जाईनात. हट्टानं बसलेत. तू आलास शहाणा, सगळ्यायचं भलं काढत. तुमी दोघं माझ्या वसरीत बसून जगाच्या सुखाचं ठरवायचात, चहावर चहा मी द्यायचे. एकदा तरी कुणी मान वर करून विचारलं का, बाई, तुला काय पायजे?"

हे निम्मं तुमाला होतं, सर. तुमच्या वाट्याचंबी मीच खाली मान घालून ऐकलं.

"घडीभर अजून बसू दिलं असतंस त्यायला," काकू म्हणल्या, "तर तुझ्या बापाचं काय जात होतं?"